घाटावरच्या फोटोतली बाई

३ मार्च १९८०, मोहबोडी

काल धुळवड खेळले आणि आज इथे आले. कानामागचा गुलाल अजून निघालेला नाही. छकड्यात बसताना गाडीवानाने तो पाहिला आणि हसला. मीही हसले. परक्या माणसासमोर इतकं मोकळं हसून किती दिवस झाले असतील.

सकाळी दादाने जवाहरनगरहून भंडाऱ्याला आणून एसटीत बसवून दिलं. ट्रंक टपावर चढवताना म्हणाला, जमलं तर राहा, नाही जमलं तर ये. दुसरं वाक्य त्याने जरा हळू म्हटलं. वहिनीने डब्यात करंज्या दिल्या. ती वाईट नाही. फॅक्टरीच्या क्वार्टरला दोनच खोल्या, तीन मुलं, आणि वर नवऱ्याने टाकलेली नणंद स्वयंपाकघरात अंथरूण घालून झोपते. आज तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं, आणि राग आला नाही. माझंही उतरलंच होतं.

दिघोरीला उतरून छकड्याने इथे. गेल्या साली पावसाने दगा दिला, त्यामुळे धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या आहेत आणि गावचा तलाव बांधाच्या पाळीपासून पार आत सरकला आहे. तरी मला गाव आवडलं. मोहाची झाडं आहेत, कवेलूच्या छपरांची घरं आहेत, आणि तलावाला लागून मालकांचं पांढरंशुभ्र घर. मालगुजारी, इथली जमीनदारी, जाऊन जमाना झाला, पण लोक कृष्णरावजींना अजून मालकच म्हणतात.

ते पासष्टीच्या पुढचे आहेत. सडपातळ अंग, स्वच्छ धोतर, बोलणं इतकं मऊ की कान पुढे करावा लागतो. त्यांचे वडील लक्ष्मणराव यांना दोन नाद होते, आलेला प्रत्येक कागद जपायचा आणि फोटो काढायचे. ती सगळी पत्रं आणि फोटो कृष्णरावजींनी जुन्या कचेरीत आणून ठेवलेत आणि त्याचा रीतसर संग्रह करायचा आहे. पावसाळ्याआधी उद्घाटन आहे. नागपूरला केलेला लायब्ररीचा कोर्स माझ्या पहिल्यांदाच कामी आला.

त्यांनी विचारलं, भेटायला कोणी येत जाईल का? मी म्हटलं, बहुधा नाही. ते म्हणाले, बरं आहे, कामात खंड पडणार नाही.

खोली कचेरीच्या मागेच. मधे एक दार, तलावाकडे एक खिडकी. पण खरी गंमत कुलपाची. माझं स्वतःचं कुलूप आहे. आज दोनदा उगाच लावून पाहिलं.

८ मार्च

काम सुरेख आहे. पत्रांचे गठ्ठे लाल फडक्यात बांधलेले, साल-साल वेगळं. धानाचे भाव, तलावाच्या पाण्यावरून भांडणं, लग्नाची बोलणी, कुणाच्या तरी तापाची खबर. वाचता वाचता दुपार कधी सरते कळत नाही.

एक गठ्ठा वैनगंगेपलीकडच्या गोमाजी नावाच्या गृहस्थांचा आहे. ते लक्ष्मणरावांचे व्याही असावेत. प्रत्येक पत्रात मागणं एकच, फक्त सण बदलतो. नागपंचमीला मुलीला पाठवा. दिवाळीला पाठवा. तिची आई आजारी आहे, चार दिवस तरी पाठवा. पुढे पुढे अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलं आहे. मग पत्रं एकाएकी थांबतात. कागदावरून हात फिरवला तेव्हा मला दादा आठवला. तो मला सासरहून घ्यायला नागपूरला आला होता, पण बोलावल्यावर. हा बाप न बोलावता मागत राहिला.

फोटो तर त्याहून छान. काचेच्या प्लेटा लाकडी पेटीत उभ्या रचलेल्या आणि त्यांच्यावरून काढलेले फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. सगळ्यात चांगला फोटो तलावाच्या घाटावरचा आहे. एक तरुण बाई, विशीची असेल, पायरीवर उभी आहे. लुगड्याचा पदर डोक्यावरून, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, दंडात चांदीची रुंद वाकी, तिच्यावर मोर. कॅमेऱ्याकडे न बघता ती बाजूला कुठेतरी बघते आहे. जणू तिथून कोणी येतंय.

फोटोखाली नाव नाही. कृष्णरावजींना विचारलं. क्षणभर पाहून ते म्हणाले, शकुंतला, लग्नानंतरची. म्हणजे त्यांची पत्नी. तसं लिहायला सांगितलं.

१६ मार्च

आज शकुंतलाकाकू कचेरीत येऊन बसल्या. गोऱ्या, स्थूल, सतत पानाची चंची जवळ. मी त्यांना फोटो दाखवला आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं. त्यांच्या हनुवटीवर गोंदण नाही. गोंदण तर मेल्यावरच जातं.

माझी नजर त्यांना कळली. त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, "लिवा बाई, माझंच नाव लिवा. या घरात माझा एक बी धड फोटो नाही. मी आली तेव्हा मामंजीनं कॅमेरा पेटीत घालून ठेवला होता."

मग ही कोण, असं मी विचारलं. त्या पान लावत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, मी आली तेव्हा पेटीतली लुगडी घडी मोडलेली होती, तीच नेसली.

संध्याकाळी कृष्णरावजींनी नाव लिहिलं का म्हणून विचारलं. मी लिहिलं. सौ. शकुंतलाबाई, घाटावर. माझं अक्षर चांगलं आहे. लोक तसं म्हणतात.

२४ मार्च

घाटावरचा फोटो ओला झाला आहे. कपाट लोखंडी, कुलूपबंद, वरच्या फळीवर फक्त तो एकच ओला. बाजूचे कोरडे ठणठणीत. बाहेर ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही.

मी टिपकागदाने पाणी टिपलं. ते स्वच्छ नव्हतं. गाळाचा वास होता, शिंगाड्याच्या वेलीला येतो तसा. फोटोला काहीच झालेलं नाही. शाई मात्र उतरली आहे. ‘शकुंतलाबाई’ एवढंच धुऊन गेलं, ‘घाटावर’ तसंच आहे.

पुन्हा लिहिलं.

२ एप्रिल

तिसऱ्यांदा नाव धुऊन गेलं. कृष्णरावजींना सांगितलं तेव्हा त्यांनी कवेलू तपासायला माणूस चढवला. एकही फुटलेलं नाही.

तलावात सरकारी कामावर गाळ काढायला सुरुवात झाली आहे. शंभरेक माणसं बाया टोपल्या वाहतात. मुकादम तुलाराम म्हणून आहे, पस्तिशीचा, या गावचाच. पाणी प्यायला कचेरीच्या ओट्यावर येतो. सांगत होता, मालकांनी आधी कामच नको म्हटलं. मग तहसीलदार आले तेव्हा म्हणाले, करा, पण घाटाकडून नको, पलीकडून करा. तुलाराम हसून म्हणाला, पण बाई, गाळ तं घाटाकडंच जास्त हाय.

९ एप्रिल

या घरात अजून एक माणूस आहे, ज्यांच्याबद्दल मी लिहिलंच नाही. कुंताबाई, कृष्णरावजींची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा झाल्या आणि भावाकडे राहिल्या. मागच्या पडवीत त्यांची खाट. त्या दिसतात कमी, बोलतात त्याहून कमी.

आज त्या आपणहून कचेरीत आल्या. माझ्या हातात तोच फोटो होता. तो पाहून त्यांनी टेबलाची कड धरली.

"हे अठी कोणं आणली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पेटीतच होता. खाली शकुंतलाकाकूंचं नाव लिहायला सांगितलं आहे.

"शकुंतला नोहे ते. रुखमिणी हाय. माही मोठी वहिनी." एवढं बोलून त्यांनी दाराकडे पाहिलं. मग फोटोवर बोट ठेवलं आणि बोटाला लागलेलं पाणी पदराला पुसलं. त्यांना त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

मी विचारलं, त्या आता कुठे असतात?

त्या पडवीकडे निघून गेल्या.

१७ एप्रिल

आज अक्षय तृतीया. घरात पितरांना पाणी दिलं. कृष्णरावजी पाटावर बसून एकेकाचं नाव घेत होते आणि तांब्यातून पाण्याची धार सोडत होते. आजा, पणजा, लक्ष्मणराव, आई, चुलत्या, अगदी लहानपणी गेलेल्या भावंडांपर्यंत. रुखमिणीचं नाव आलं नाही.

सगळे जेवायला बसले तेव्हा कुंताबाईंनी मला पडवीत बोलावलं. त्यांच्या खाटेवरची उशी ओली होती. त्यांनी माझा हात घेऊन तिच्यावर ठेवला. "चाळीस वर्सं झाली," म्हणाल्या, "वाळतच नाही."

मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

रुखमिणीला मूल होत नव्हतं. नवरा मारायचा. माहेरून चिठ्ठ्या यायच्या, पण तिला पाठवत नव्हते. एक दिवस भर दुपारी गाव धान कापायला गेलं होतं तेव्हा ती गाठोडं बांधून एकटीच निघाली, तलावाच्या पाळीवरून, बापाच्या गावाला. कृष्णरावजींनी तिला घाटावर गाठलं. कुंताबाई तिथेच भांडी घासत होत्या, बारा-तेरा वर्षांच्या.

"त्यानं तिचं डोस्कं पाण्यात धरलं. ते माह्याकडं पाहून राहिली होती. मी राख घेऊन भांडं घासत राहिली. हात थांबलाच नाही माहा."

नंतर जात्याची तळी बांधून तिला सोडून दिलं. गावाला सांगितलं, कुणाचा तरी हात धरून पळाली. बापाने रपोट दिली तेव्हा जमादार आला, त्याने कुंताबाईंना विचारलं, पोरी, तू काही पाहिलं का. त्या नाही म्हणाल्या. त्या रात्रीपासून उशी ओली.

मी खोलीत येऊन गोमाजींचा गठ्ठा उघडला. शेवटच्या पत्रात एवढंच आहे, माझी मुलगी तशी नव्हती.

२६ एप्रिल

सापडली.

तुलारामने मालकांचं न ऐकता घाटाकडून खणायला घेतलं. चार हात गाळाखाली जात्याची तळी निघाली, तिला दोराचा काळा झालेला पीळ. खाली हाडं. दंडाच्या हाडावर चांदीची वाकी होती, काळी पडलेली. तुलारामने ती अंगठ्याने घासली आणि मोर वर आला. बाया टोपल्या टाकून पाळीवर पळाल्या. मी खिडकीतून पाहत होते. खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की अजून तळवा दुखतो.

तुलारामने ठाण्यात माणूस पाठवला आहे. उद्या जमादार येईल.

२७ एप्रिल

हे लिहायचंच आहे, म्हणून सरळ लिहिते.

सकाळी कृष्णरावजी कचेरीत आले. खुर्ची ओढून बसले. घाटावरचा फोटो मागितला, आणि त्याची काचेची प्लेट. मी दोन्ही टेबलावर ठेवले. ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, गावात तिला ओळखणारं आता कोणी उरलं नाही. उरला तो हा एक फोटो, आणि तो तुमच्या ताब्यात. उद्घाटनानंतर संग्रहाला कायमचा माणूस लागेल. ही खोली जन्मभर तुमची. नाहीतर, पुष्पाबाई, भावाच्या घरी स्वयंपाकघरात जागा आहेच.

हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही.

त्यांनी प्लेट जमिनीवर ठेवून वहाणेने दाबली. काच फुटल्याचा आवाज अगदी बारीक आला. फोटो त्यांनी चुलीत घालायला नेला.

दुपारी जमादार आला. वाकी टेबलावर ठेवून त्याने विचारलं, बाई, तुमच्या या जुन्या फोटोंत असा दागिना घातलेली कोणी बाई आहे का? कृष्णरावजी दारात उभे होते. मागे पडवीच्या कोपऱ्यात कुंताबाई होत्या. जमादाराने त्यांनाही विचारलं, आजी, तुम्हाला काही ठाऊक?

मी नाही म्हटलं. त्याही नाही म्हणाल्या.

जमादाराने लिहिलं, अनोळखी स्त्री. हाडं पोत्यात घालून नेली.

मला स्वयंपाकघरात परत जायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

३० एप्रिल

कपाटातले सगळे फोटो ओले आहेत. लग्नातले, मुंजीतले, बैलांचे, सगळे. आणि प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात लिहिलेलं, अनोळखी स्त्री. बैलाच्या फोटोखालीसुद्धा. मी हे लिहिलेलं नाही. अक्षर माझंच आहे.

दुपारी खुर्चीत ती बसलेली होती.

मी पाणी पिऊन आत आले आणि ती तिथे होती. लुगडं अंगाला चिकटलेलं, केसांतून पाणी ठिबकत होतं. हनुवटीवरचे तीन ठिपके मी ओळखले. बाकी चेहरा ओळखता येण्यासारखा नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फोटोत बघते तशी बाजूला बघत होती, दाराकडे.

मी ओट्यावर जाऊन उन्हात बसून राहिले. परत आले तेव्हा खुर्ची रिकामी आणि खाली गाळ.

४ मे

आज ठरवलं की तुलारामला सांगायचं. तो ओट्यावर आला, मी पाणी दिलं. म्हटलं, तुलारामभाऊ, ती बाई कोण होती मला ठाऊक आहे. तो थांबला. मी नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तोंडात पाणी आलं.

लाळ नाही, आतून वर आलेलं. गढूळ, थंड. ओंजळभर ओकले, त्यात शेवाळाचा तंतू होता. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. श्वास कोंडला. तुलाराम घाबरून म्हणाला, काय होऊन राहिलं बाई तुमाले? मालकाले बलावू का?

मी मान हलवून नको म्हटलं. ‘नाही’ हा शब्द मात्र नीट येतो. तेवढाच येतो.

कागदावर नाव लिहून त्याच्या हातात दिलं. त्याने उलगडलं तेव्हा शाई वाहून गेली होती.

या वहीत नाव टिकतं. का ते माहीत नाही. हे पान कोणाला दाखवायला नेलं तर तेही धुऊन जाईल बहुधा.

६ मे

दादाला पत्र टाकायचं होतं. पाकीट लगदा होऊन गेलं.

अंथरूण ओलं. केस ओले. नखांत गाळ. गावातल्या विहिरींनी तळ गाठला, बाया अर्ध्या घागरीसाठी भांडतात, आणि मी रोज सकाळी खोलीतून पाणी उपसते.

कृष्णरावजी आज माझ्यासमोरून गेले. धोतर कडक वाळलेलं, वहाणा कोरड्या. जेवले, पडवीत आडवे झाले, घोरले. त्यांच्या अंगावर थेंब नाही. त्यांची उशी मी जाऊन चाचपली. कोरडी. उन्हाने गरमसुद्धा.

७ मे

कुंताबाईंजवळ बसले. विचारलं, तिला मारलं त्यांनी. मग ती त्यांच्याकडे का जात नाही? आपल्याकडेच का येते?

त्यांनी उशी पिळली. मग म्हणाल्या—

"त्याले ते आता बी भेते."

ती त्यांना भिते. मेल्यावरही. चाळीस वर्षं तलावाच्या तळाशी, आणि अजून—

कुंताबाई म्हणाल्या, मी सांगतो आता जमादाराले. लई झालं. उद्या तुलारामासंगं जातो.

८ मे

कुंताबाई गेल्या.

सकाळी खाटेवर होत्या. डोळे उघडे. तुलाराम त्यांना न्यायला आला होता, त्यानेच उचललं. मान कलती झाली तशी तोंडातून पाणी आलं. येतच राहिलं. पडवी भिजली.

त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला चार वळ होते, बोटांसारखे. मी पाहिले. तुलारामनेही पाहिले. तो माझ्याकडे पाहत राहिला.

ते पाण्यातल्या बाईच्या बोटांचे नव्हते. तिची बोटं बारीक आहेत. ही रुंद बोटं होती.

कृष्णरावजी म्हणाले, म्हातारी होती, दम लागायचा.

९ मे

प्रेत नेलं. शकुंतलाकाकू आल्या, दारातच थांबल्या. म्हणाल्या, "जा बाई तुमी. आजच जा." मी ट्रंक भरली. त्यांनी पदराआडून आपल्या नातवाच्या बारशात काढलेला एक फोटो दाखवला, त्यात त्या अर्ध्याच आल्या आहेत. म्हणाल्या, हा घ्या, संग्रहात ठेवा, नाव माझं लिवा. मग लगेच म्हणाल्या, नको, ठेवू नका.

ट्रंक घेऊन निघाले तर कृष्णरावजी ओट्यावर होते. म्हणाले, तुम्हाला ताप आहे, पुष्पाबाई. अशा उन्हात पाठवलं तर तुमचा भाऊ काय म्हणेल.

मला खोलीत आणलं. कुलूप बाहेरून लागलं. माझंच कुलूप.

१० मे

भाकरी खिडकीतून. शकुंतलाकाकूंचा हात.

तुलाराम दोनदा आला. ओट्यावरून आवाज ऐकला. मालकांनी त्याला सांगितलं, बाईला ताप आहे, डोक्यात गेला. मी आतून ओरडायला गेले— पाणी.

दार वाजवलं. हात दुखेपर्यंत. तुलाराम म्हणाला, दार वाजून राहिलं जी. मालक म्हणाले, ताप आहे.

तो जाताना थांबला. मी पावलं ऐकली. थांबली. मग गेली.

११ मे, सकाळ

घोट्यापर्यंत पाणी. दाराखालच्या फटीतून बाहेर जात नाही. खिडकीबाहेर तलाव पांढरा, भेगा पडलेला, आणि इथे—

ट्रंक तरंगते आहे. टेबलावर बसून लिहिते.

ती कोपऱ्यात. उभी. आज माझ्याकडे पाहते आहे, पहिल्यांदा.

मी म्हटलं, मला माफ— वाक्य पुरं झालं. तोंडात पाणी आलं नाही.

दुपार

गुडघ्यापर्यंत.

ती जवळ आली आहे. मला बुडवायला आली असं वाटलं. डोळे मिटून बसले होते.

नाही. तिने माझा हात धरला. हात गार, आणि थरथरत होता. ताप आलेल्या पोरासारखा.

बाहेर वहाणा वाजल्या.

वहाणा ओट्यावर. ती माझ्या पाठीमागे गेली. लपली. माझा पदर मुठीत— मूठ सुटत नाही—

तिचं नाव म्हणून पाहिलं, हळू. रुखमिणी. नाव तोंडातून निघालं. जीभ कोरडी आहे. पाणी कुठेच नाही, खाली पाहिलं तर फरशी कोरडी, ट्रंक जिथे होती तिथेच—

कुलपात किल्ली फिरते आहे. बरोबर कोणी नाही, एकट्याचीच पावलं. दुपारची वेळ, सगळं गाव तलावात गाळ काढायला.

मी उठते. दारासमोर उभी राहते. ती मागे आहे. त्यांनी काही बोलण्याआधी मी बोलणार, खिडकीकडे तोंड करून, तलावात आवाज जाईल इतक्या मोठ्याने, पहिला शब्द तिचं ना